दहा चिरुटांची पावती

ग्लॅडिस पाटोळे ही माझी पंचावन्न वर्षांपासूनची मैत्रीण. तिच्यावर लिहावं असं तिच्यात काही नाही, असं ती स्वतःच म्हणते आणि ते बरंचसं खरं आहे. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढली, माझ्याबरोबर दोन वर्षं कॉलेजला आली, मग शिवणाचा कोर्स करून दौंडला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागली. तिथंच रेल्वेतल्या ख्रिस्तोफरशी लग्न झालं. एक मुलगी झाली, स्वीटी. बोलते कमी. काजं मात्र अशी करते की सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली ते शोधावं लागतं. मी शिरूरला अर्थशास्त्र शिकवलं आणि जन्मभर बडबड केली, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ख्रिस्तोफरबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तो कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागला आणि मेल गाडीचा ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला. नियमाचा माणूस. इतका की मला त्याचा राग यायचा. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट आहे. आम्ही दोघी दौंडहून पुण्याला कापड घ्यायला गेलो होतो. माझं तिकीट होतं, तिचा रेल्वेचा पास घरी राहिला होता. पुण्याला उतरलो तेव्हा ख्रिस्तोफर ड्युटी संपवून फलाटावरच उभा होता, आणि दारातला तिकीट तपासनीस त्याचा दोस्त.

"जावा की वैनी," तो म्हणाला. "तुमाला कोन विचारतंय."

ग्लॅडिस निघालीही होती. ख्रिस्तोफरनं तिला थांबवलं. "पास घरी आहे म्हणजे पास नाही," म्हणाला. स्वतः रांगेत उभा राहिला, दंड भरला आणि तिच्या नावाची पावती घेतली. मी हसले. ते दोघंही हसले नाहीत. दंडात ब्लाउजपिसाचे पैसे गेले. पावती त्यानं घरी नेऊन फाइलला लावली. त्याची एक हिरवी फाइल होती, तिच्यात सगळं असायचं.

आता चिरुटांचं. ख्रिस्तोफर नोकरीला लागला त्याच वर्षी एक म्हातारा ड्रायव्हर रिटायर झाला. शेवटच्या फेरीवरून उतरल्यावर त्यानं शेडमधल्या एकूण एक माणसाच्या हातात चिरूट ठेवला, फायरमनच्याही. ख्रिस्तोफर त्यावर फार खूश होता, कारण तोवर त्याला कुणी काही हातात दिलं नव्हतं. स्वतःच्या शेवटच्या फेरीला, दोन हजार नऊ साली, त्याला तसंच करायचं होतं. दौंडात चिरूट कुठले मिळायला? त्यानं पेढे वाटले. तेव्हापासून स्टेशनबाहेरच्या बाकावर जमणारे रिटायर लोक त्याला पिडत. त्यात सर्जेराव म्हणून वडगाव रासाईचे एक गार्ड होते, ते रोज न चुकता विचारायचे, "ख्रिस्तोफर, पेढा तर पचला. चिरूट कवा?"

पंधरा वर्षं हा विनोद चालला. दुसरा कुणी असता तर कंटाळला असता.

मग स्वीटीला बाळ झालं. ती आयर्लंडला नर्स आहे. ग्लॅडिस पाच महिने तिकडे गेली. ख्रिस्तोफर गेला नाही. कोंबड्या कोण बघणार, म्हणाला. निघताना त्यानं तिच्या पर्समध्ये एक यादी ठेवली. बाकावरच्या सगळ्यांची नावं, एकाखाली एक, नंबर घालून. चौतीस माणसं आणि पस्तिसावा तो स्वतः. येताना दुबईला विमान बदलतं, तिथं मिळतात म्हणे, तेवढे चिरूट आण.

गेल्या मे महिन्यात, ग्लॅडिस परत यायला निघाली त्याच दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचला ख्रिस्तोफर त्याच बाकावर बसल्या बसल्या गेला. सर्जेराव शेजारीच होते. त्यांना वाटलं डुलकी लागली.

मला ग्लॅडिसच्या पुतण्याचा, गिदोनचा, फोन आला. त्यानं व्यवस्था सांगितली. माती शुक्रवारी चार वाजता. त्यापुढे थांबता येणार नाही, कारण दौंडला लाईट सारखी जात होती आणि भाड्यानं आणलेली थंड पेटी थंड राहत नव्हती. काकीचं विमान मुंबईला सव्वानऊला उतरतं. बाहेर पडून लगेच निघालं तर तीनपर्यंत पोचता येईल, तोंड बघायला मिळेल. तुम्ही आणायला जाल का?

गेले. तळेगाव ढमढेऱ्याचा सुदर्शन गाडी चालवतो, त्याला घेतलं.

दहाला ग्लॅडिसचा फोन लागला. स्वीटीनं तिला दुबईतच सगळं सांगितलं होतं. मी विचारलं, "सामान मिळालं का?"

"मिळालं. थोडा वेळ लागेल कुमुद. चिरुटांची ड्युटी भरायची आहे."

मला वाटलं, हिला धक्का बसलाय, काहीतरी बोलतेय. पण ती खरोखर लाल दारानं आत गेली होती. कस्टममध्ये दोन वाटा असतात. सांगण्यासारखं काही नसेल त्यांनी हिरव्या वाटेनं सरळ बाहेर यायचं, असेल त्यांनी लाल वाटेनं जाऊन दाखवायचं. पाच माणसांमागे एकाकडे तरी काहीबाही असतं आणि सगळे हिरव्या वाटेनं येतात. मीही एकदा आले आहे, सांगून टाकते.

तिनं फोन बंद केलाच नाही, तसाच हातात धरला. त्यामुळे पुढचं मला ऐकू येत होतं. अधिकारी तरुण असावा, मराठीच होता.

"आजी, हे पस्तीस आहेत. पंचवीसपर्यंत माफ असतं. दहा जास्त आहेत."

"म्हणूनच इकडं आले."

"कुणासाठी आणलेत?"

"ह्यांनी मागवले होते. हे काल गेले. आज चारला माती आहे दौंडला."

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आजी, तुम्ही असं करा. हे दहा इथं सोडून द्या. एक सही करा आणि मोकळ्या व्हा. पाच मिनिटांचं काम."

"कुठले दहा?"

"कुठलेही. सगळे सारखेच आहेत की."

"नाही," ग्लॅडिस म्हणाली. "यादी आहे."

मी फोनवर ओरडले की फेकून दे ते आणि बाहेर ये. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "कळलं मला. भरून येते."

ड्युटी म्हणजे त्या दहांच्या किमतीइतकीच आणि वर थोडी. लाखाची बात नव्हती. पण रुपये तिच्याकडे नव्हते. जाताना सगळे नवऱ्याकडे देऊन गेली होती. कार्ड होतं, पण त्याचा चार आकडी नंबर ख्रिस्तोफरला पाठ होता, तिला नाही. स्वीटीनं शालीसाठी दिलेले युरो होते, ते बदलून घ्यावे लागले. तिथं रांग. मग भरायच्या खिडकीवर रांग. मी बाहेर रेलिंगला धरून उभी. दर पंधरा मिनिटांनी मी फोन करायची आणि ती एकच सांगायची, "रांगेत आहे."

सुदर्शन गाडीतून दोनदा येऊन गेला. "बाई, घाटात ट्रक पलटी हाय म्हनं. आत्ता निगालो तरच चारपत्तूर पोचू. मावशीला सांगा की."

"तुझ्या मावशीला देवानं कान दिलेत, पण उपयोग नाही," मी म्हटलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर आली. एक बॅग, पर्स आणि हातात दुकानाची पिशवी. पावती तिनं चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन ओढली, मग माझ्याकडे बघितलं. मिठी वगैरे काही मारली नाही. "तुझा डोळा लाल दिसतो," म्हणाली.

गाडीत मी तिला बोलले. चांगलं बोलले. माणूस तिकडे लाकडी पेटीत आहे, गर्दी उन्हात उभी आहे, आणि तू दहा विड्यांसाठी दोन तास घालवलेस, असं म्हणाले. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"त्या अधिकाऱ्याच्या पँटची दुमड सुटली होती," ती म्हणाली. "टाचेखाली येत होती. दोन टाके घातले की झालं असतं."

"ग्लॅडिस, मी काय बोलतेय?"

"ऐकतेय. ते असते तर मला लाल दारानंच नेलं असतं."

"ते नाहीत."

"हो."

बराच वेळ गेला. खालापूरच्या अलीकडे गाड्या उभ्याच होत्या. मी विचारलं, "बरं, त्या चिरुटांची खरेदी झाल्यावर फोन आला का स्वीटीचा?" मला वाटलं होतं की आधी घेतले आणि मग कळलं.

"नाही. आधी फोन आला. मग घेतले."

"कळल्यानंतर घेतलेस?"

"विमानाला तीन तास होते. यादी पर्समध्ये होती," ग्लॅडिस म्हणाली. "दुसरं काय करणार होते?"

सुदर्शननं आरशातून माझ्याकडे पाहिलं. पुण्याच्या बाहेर गिदोनचा फोन आला, यवतला आला, पाटसला आला. पावणेपाचपर्यंत थांबतो म्हणाला, पाळकसाहेबही थांबायला तयार आहेत, पण त्यापुढे नाही.

आम्ही पाच वाजून वीस मिनिटांनी ख्रिस्ती स्मशानभूमीत पोचलो. माणसं होतीच, सगळी. गीत झालं होतं, प्रार्थना झाली होती, पेटीला खिळे ठोकून ती दोरांनी खाली सोडली होती. माती तेवढी तिच्यासाठी ठेवली होती.

गिदोन घामानं भिजला होता. त्याला रडू येत होतं. "काकी, लई थांबलो. आता लोकांना चक्कर यायला लागली. उघडू का परत? धा मिनटं लागतील."

ग्लॅडिसनं वाकून खाली पाहिलं. "वर काढावी लागेल?"

"व्हय."

"खिळे काढावे लागतील."

"व्हय काकी."

"मग राहू दे."

तिनं मूठभर माती घेतली, टाकली, आणि रुमालानं बोटं एकेक करून पुसली. तिचा चेहरा शाळेत मुलींची परीक्षा चालू असताना असायचा तसा होता. बाकीच्यांनी फावडी घेतली. मला रडू आलं, तिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती पिशवी घेऊन स्टेशनबाहेरच्या बाकाशी गेली. मी बरोबर होते. म्हातारे उठून उभे राहिले. तिनं चष्मा लावला, यादी काढली आणि हजेरी घ्यावी तशी नावं वाचायला सुरुवात केली. एकेकजण पुढे यायचा, चिरूट घ्यायचा, कपाळाला लावून खिशात टाकायचा. ओढत तर त्यातले तिघेचौघेच असतील. एकाला तर दम्यानं वाक्य पुरं करता येत नाही.

सर्जेरावांचा नंबर एकोणीस होता. त्यांनी चिरूट घेतला, उलटासुलटा पाहिला. "वैनी, ड्युटी भरली म्हनं ह्याची?"

"दहांची भरली. पंचवीस माफ असतात."

"माझा माफीतला का भरल्याला?"

"ते लिहून ठेवलं नाही," ग्लॅडिस म्हणाली.

दोघंतिघं हसले. सर्जेरावही हसले आणि मग तोंड फिरवून रुळांकडे बघत उभे राहिले.

चौतिसाव्या नावानंतर तिनं पस्तिसावं नावही वाचलं. "ख्रिस्तोफर पाटोळे." यादीत होतं म्हणून वाचलं. कुणी पुढे आलं नाही. एक मालगाडी जात होती, ती पूर्ण गेल्यावर सर्जेराव म्हणाले, "फुडं, वैनी."

"पुढं नाही. संपली यादी."

तीन आठवड्यांनी मी पुन्हा दौंडला गेले. आयर्लंडला पाठवायचं बाळाचं झबलं मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती. उरलेला चिरूट कपाटात, ख्रिस्तोफरच्या घड्याळाशेजारी होता. हिरवी फाइल पलंगावर उघडी होती. मी चाळली. वीजबिलं, पेन्शनचे कागद, मतदानाची चिठ्ठी, आणि अगदी खाली चौऱ्याऐंशीची ती पावती, ग्लॅडिसच्या नावाची. अक्षरं पुसट झाली आहेत. तिच्या मागेच कस्टमची नवी पावती लावली होती, भोकं मोजून, बरोबर मधोमध.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. वाईट वाटतं का तुला?"

तिनं थोडा विचार केला. ती प्रश्नाचं उत्तर देते, टाळत नाही.

"माहीत नाही," म्हणाली. "अजून काहीच वाटत नाही. वाटलं की सांगेन."

मग तिनं सुई माझ्यापुढे धरली. "एवढी ओवून दे. मला दिसत नाही."

मला तरी कुठं दिसतंय. तीन वेळा दोरा बाजूनं गेला. ती हात पुढे करून थांबली होती, घाई न करता. चौथ्या वेळी ओवली.