उजवीकडून उघडणारी पुस्तकं

नांदेडच्या विद्यापीठात निजामकाळातली उर्दू पुस्तकं स्कॅन करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. वडिलांनी शिकवलेल्या उर्दूच्या जोरावर मी कंधारच्या जुन्या नोंदी वाचायला गेलो होतो, आणि शेजारीच त्याचं यंत्र होतं. पन्नाशीचा कंत्राटी माणूस. प्रत्येक पान तो पालथ्या हातानं सरळ करायचा, पानाचा आकडा पुटपुटायचा, मगच बटण दाबायचा.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचे अधिकारी आले. "मामा, बाकीचे दिवसाला हजार पानं करून राहिलेत, तुमची चारशेच. उद्यापासून येऊ नका."

"साहेब, उर्दू किताब उजवीकडून उघडती. त्यांच्या हजारात शेवटचं पान पहिलं हाय," तो म्हणाला आणि हातातलं पान पुरं करू लागला.

मी संगणकावर इतरांनी स्कॅन केलेली दहा पुस्तकं तपासली. सात शेवटापासून सुरू होत होती. संतापून मी ती अधिकाऱ्यांना दाखवली.

"पानं सगळी आहेत ना?"

"पण वाचणाऱ्यानं उलटं वाचायचं का?"

"वाचतंय कोण?"

वाचणारा त्यांच्यासमोर उभा होता. आणि त्याच्यासाठी पानं नीट लावणारा माणूस डबा उचलून जिना उतरत होता.