मागच्या भागात काय झालं

मालिकेतली पुस्तकं लिहिणाऱ्या लोकांवर माझा जुना राग आहे. एक गोष्ट सांगायला माणसाला पाच जाडजूड भाग लागतात म्हणजे काय? बरं, लागतात तर लागोत. पण पहिला भाग संपतो तेव्हा पोरगी कुठल्या तरी तळघरात कोंडलेली असते, आणि तिला बाहेर काढणारा दुसरा भाग येतो दीड वर्षानं. तोवर आमच्या वाचनालयातली मुलं माझं डोकं खातात. "काका, आला का?" नाही आला. "काका, कधी येणार?" मी काय छापखाना काढून बसलोय? मी साधा कारकून. पुस्तक द्यायचं, घ्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा. वर्तमानपत्रापलीकडे मी काही वाचत नाही आणि त्याचा मला कधी कमीपणाही वाटलेला नाही.

वाचायच्या त्या बाई. मुलांच्या विभागाच्या ग्रंथपाल. उंचीनं अगदी बेताच्या, त्यामुळे खुर्चीवर बसल्या की पाय टेकायला जुन्या मासिकांचा गठ्ठा लागायचा. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला काटकोनात. एकोणीस वर्षं आम्ही असे शेजारी बसलो आणि त्यातली निदान दहा तरी भांडण्यात घालवली. पंख्यावरून, खिडकीवरून, दुपारच्या चहात साखर किती यावरून. त्या मला "कारकूनसाहेब" म्हणायच्या. त्यातला "साहेब" कसा म्हणायचा, हे त्यांच्याकडून शिकावं.

मुलं त्यांना चिठ्ठीबाई म्हणत. झालं होतं असं, की एकदा एका मुलानं कुठल्याशा मालिकेचा दुसरा भाग नेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आणला. म्हणाला, "यातलं कोणीच मला ओळखू येत नाही. पहिला भाग वाचून किती दिवस झाले." बाईंना ते फार लागलं. त्यांनी पहिला भाग पुन्हा वाचून काढला, हिरव्या शाईत एक पानभर मजकूर लिहिला आणि दुसऱ्या भागाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला डकवला. वर मथळा: "मागच्या भागात काय झालं". तेव्हापासून अंतराळातली असोत, जादूची असोत, मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाला चिठ्ठी. काही पोरं कपाटापाशी उभ्याउभ्या नुसत्या चिठ्ठ्याच वाचून जायची आणि शाळेत पुस्तक वाचल्याच्या बाता मारायची. आता कबूल करतो, त्या पोरांत मीही होतो. पुस्तक नाही, पण चिठ्ठी मी एकही सोडली नाही. बाईंना हे ठाऊक होतं. त्या मुद्दाम पुस्तक माझ्या टेबलाच्या कडेला वाळत ठेवायच्या.

चिठ्ठीचा त्यांचा नियम एकच. पुढचं एक अक्षर सांगायचं नाही आणि मागचं एक अक्षर लपवायचं नाही. मुलं लाडीगोडी लावायची, "बाई, एवढंच सांगा, तो मरतो का?" बाई ढिम्म. "पुढचं पुढच्या भागात." पण मागे कोणी मेलं असेल तर ते चिठ्ठीत सरळ लिहिलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, लहान मुलं आहेत, जरा सांभाळून लिहा." तर म्हणाल्या, "त्यांनी वाचलेलंच आहे ते. मी फक्त आठवण देते. आठवण काय सांभाळून द्यायची?"

आता पुढेकायबद्दल सांगतो. हे एका मुलीला मी ठेवलेलं नाव. बारा वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. दारातून आत यायच्या आधी विचारायची, "पुढे काय?" म्हणजे पुढचा भाग आला का. आठवड्याला दोन जाडे भाग फस्त करायची. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, आई एका शाळेच्या कचेरीत होती. शनिवारी आईच तिला घेऊन यायची, माझ्याशी दोन शब्द बोलायची आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून डुलक्या घ्यायची. पोरीचं पुस्तक निवडून होईपर्यंत तिची झोप होत असे.

मग आई यायची बंद झाली. एकदा बाप एकटाच पुस्तक परत करायला आला. हातांना वंगणाचा वास. मी सहज विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" तर तो काउंटरला धरून उभाच राहिला. म्हणाला, हॉस्पिटलात आहे, डॉक्टरांनी आता काही आठवडे सांगितलेत. "पोरीला सांगितलेलं नाही. तिला म्हटलंय, आई बरी होऊन येईल." मी मान डोलावली. दुसरं काय करणार? बाई टेबलावरून सगळं ऐकत होत्या.

शाळेला सुट्टी लागली होती. घरी कोणी नाही, त्यामुळे पोरगी रोज आमच्याकडेच. तेव्हा तिनं एक पाच भागांची मालिका धरली होती. अशी एक दुनिया, जिथे सूर्य उगवायचा थांबलाय. उंच मनोऱ्यांवर दिवे लावून माणसं एकमेकांना खुणा करतात. त्यात एक मुलगी दिवे लावायला मनोरे चढते, तिला सगळे दिवटी म्हणतात. (माझी आई मला दिवटा म्हणायची, पण ते वेगळ्या अर्थानं.) पहिला भाग पोरीनं दोन दिवसांत संपवला. दुसऱ्या भागाची पानं सुटली होती, तो बांधणीला गेलेला. बांधणीवाल्याकडे वीस दिवस तरी लागणार. तिसरा भाग कपाटात होता, चौथा अजून छापूनच आला नव्हता.

"मला तिसराच द्या," पोरगी म्हणाली. "दुसऱ्याचं मी चिठ्ठीत वाचीन."

एरवी बाईंनी दिला असता. त्यासाठीच तर चिठ्ठ्या होत्या. पण दुसऱ्या भागाच्या शेवटी दिवटीची आई मरते. तिसऱ्या भागातल्या चिठ्ठीत हिरव्या शाईत पहिलंच वाक्य तेच होतं. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, मिटलं. पोरीला म्हणाल्या, "याची नोंद करायची राहिलीये, उद्या ये."

ती गेल्यावर मीच तोंड उघडलं. न उघडतो तर बरं झालं असतं.

"हे त्या पोरीला वाचायला देणार?"

"तोच विचार करतेय. देऊच नये का तिसरा?"

"रोज येऊन बसते ती. नाही दिला तर विचारील, का नाही. चिठ्ठी बदला. आई कुठे तरी गेलीये म्हणा."

"चिठ्ठीत खोटं कसं लिहू? आणि तिसऱ्याच्या शेवटच्या दोन प्रकरणांत आईचं सगळं येतंच."

"येईल तेव्हा येईल. तोवर पोरीचे चार दिवस तरी बरे जातील. बाई, तुम्हाला तुमचा नियम मोठा की ती पोर मोठी?"

हे वाक्य मी मोठ्या ऐटीत टाकलं होतं. एकोणीस वर्षांत मी त्यांना वादात निरुत्तर केलं ते एवढं एकदाच. त्यांनी खणातून हिरव्या शाईचं पेन काढलं. मग जुनी चिठ्ठी ओल्या बोळ्यानं भिजवून काढली आणि नवी लिहिली. मला वाचून दाखवली. "दिवटीची आई उत्तरेकडच्या मनोऱ्यावर गेली आहे. ती परत येईल, असं दिवटीला वाटतं." त्या "असं दिवटीला वाटतं"वर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढी तरी पळवाट राहू दे." मी म्हटलं, "झकास." खरंच झकास म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी पोरीनं काउंटरपाशीच चिठ्ठी वाचली. मी बघत होतो. दुसऱ्यांदा वाचली, पुस्तक छातीशी धरलं आणि "जाते" म्हणून गेली. बाई माझ्याकडे बघून जराशा हसल्या. मलाही बरं वाटलं. आपण एक चांगलं काम केलं, असं वाटून मी त्या दिवशी चहात साखर किती यावरून वादही घातला नाही.

आठ दिवसांनी बाप आला. डोक्यावरचे केस काढलेले. मी समजलो. त्यानं तिसरा भाग काउंटरवर ठेवला, तिचं कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "हे बंद करा. ती आता येणार नाही म्हणते." मी काय बोललो ते मला आठवत नाही. बाईंनी विचारलं, "पुस्तक वाचून झालं का तिचं?" त्याला तो प्रश्न कळलाच नाही. कळायचं काही कारणही नव्हतं.

बाईंनी त्याच दुपारी ती चिठ्ठी काढून खरी चिठ्ठी पुन्हा डकवली. कार्ड मात्र बंद करू दिलं नाही. "राहू दे. येईल." त्या रोज दाराकडे बघायच्या. मी म्हणायचो, दुःखात आहे पोर, सावरली की येईल. सुट्टी संपली, दुसरी सुट्टी आली आणि गेली. एकदा ती शाळेच्या गणवेशात रस्त्याच्या पलीकडून जाताना दिसली. बाई खिडकीशी गेल्या. पोरीनं वाचनालयाकडे एकदाही पाहिलं नाही.

दोन वर्षांनी चौथा भाग आला. बाईंनी तो यादीवर चढवलाच नाही, आपल्या खणात ठेवला. मुलं मला छळत होती आणि मी चक्क खोटं सांगत होतो की अजून आला नाही. महिनाभर हे चाललं. मग एका रविवारी सकाळी बाई म्हणाल्या, "मी तिच्याकडे जाऊन येते. तुम्ही येता?" मी गेलो. तिसरा मजला. त्या इमारतीतली लिफ्ट बंद होती, आणि वर लिफ्टवाला राहतो, यावर एरवी मी काहीतरी बोललो असतो.

दार तिनंच उघडलं. बाईंपेक्षा उंच झाली होती. वेण्या नव्हत्या, केस कापलेले. तिनं ओळखलं, पण या म्हणाली नाही.

"चौथा भाग आलाय," बाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी राखून ठेवला होता."

तिनं पुस्तकाकडे बघितलं, हात पुढे केला नाही. "तिसऱ्यातली चिठ्ठी तुम्हीच लिहिली होती ना?"

"हो. मीच. ती खोटी होती आणि मला माहीत असून लिहिली. तुझी माफी मागायला आलेय मी."

इथे मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, की बाई नको म्हणत होत्या, मी लिहायला लावलं. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो आणि कठड्याचा सुटलेला रंग नखानं काढत होतो.

पोरगी शांतपणे बोलली. रडली असती तर परवडलं असतं. "घरी सगळे म्हणत होते, येईल. मला खरं वाटत नव्हतं. पण तुमच्या चिठ्ठीत कधी खोटं नसायचं. मग मला वाटलं, दिवटीची आई आली की माझी पण येईल. आई गेली त्या दिवशी दुपारी पप्पा मला हॉस्पिटलात न्यायला घरी आले होते. म्हणाले, चल, आई बोलावतेय. मी म्हटलं, आता येईलच तिची आई, तेवढं वाचते, मग येते. ते थोडा वेळ थांबले आणि एकटेच गेले."

बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं.

"माझी चाळीस पानं राहिली होती," पोरगी म्हणाली. मग तिनं दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं.

खाली उतरताना बाई एका हातानं भिंत धरून उतरत होत्या. निवृत्त होईपर्यंत आणखी तीन वर्षं त्या शेजारी बसल्या, पण "तुमचं ऐकलं म्हणून" हे तीन शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. उच्चारले असते तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती मुलगी आता नोकरी करते. सकाळी वाचनालयासमोरच्या थांब्यावर उभी असते आणि मी रोज तिला काचेतून बघतो. तिच्या लेखी खोटं बोलल्या त्या बाई. रस्ता ओलांडायला वीस पावलं पुरे आहेत, आणि ती मी अजून टाकलेली नाहीत.