ती सांगून गेली होती

मुरबाडच्या ठाण्याचा प्रभारी असतानाची ती दुपार मी विसरलेलो नाही. एका धर्मादाय दवाखान्यातून फोन आला. तीन दिवसांची बाळंतीण बाळासकट गायब होती. बाळ वजनाला कमी, इंजेक्शनं अर्धवट राहिलेली.

ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि मी दवाखान्यात पोहोचलो. दारात गर्दी, बाळ विकल्याची कुजबुज. त्यात स्टँडवरच्या खबऱ्याने कळवलं, "साहेब, एक बाई बाळ घेऊन एका माणसाबरोबर माळशेजच्या जीपमध्ये बसली." केसपेपरवर वैशाखऱ्याजवळच्या कातकरी वाडीचा पत्ता होता, पण बाळ विकायला निघालेली माणसं घरी कशाला जातील, असं धरून मी घाटात नाकाबंदी लावली.

बाईला शेवटचं पाहिलं होतं नर्सने. पोरगी मिझोरामची, मराठी जेमतेम. मी दरडावलं, "समोरून बाई गेली आणि तू थांबवलं नाहीस?"

"ती बोलली, ताई, येते. मी बोलली, हां, ये. मग मी वाट पाहिली, सर."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. मला वाटलं, पढवलेली आहे.

जबाब संपला. आमच्या महिला हवालदाराची ड्यूटी संपली होती. ती उठली. "साहेब, येते मी."

नर्सने घाबरून विचारलं, "किती टाइममध्ये येणार, मॅडम?" बाहेरच्या गर्दीमुळे तिला एकटं राहायचं नव्हतं.

हवालदार दारातच थांबली, आणि माझ्याही लक्षात आलं. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, अशुभ वाटतं. बाळंतिणीने निरोप घेतला होता, आणि ही पोरगी ती परत यायची वाट बघत होती. वर हिचं 'ये' म्हणजे बाळंतिणीला मिळालेली परवानगी.

हवालदार घरी न जाता गाडीत बसली. नर्सही औषधं घेऊन आली.

वाडीत ओट्यावर बाई बाळाला पाजत होती. जीपमधला माणूस तिचा नवरा निघाला.

"मी नाय पलाले," बाई म्हणाली. "घरी दोन पोरां हायेत. ताईला सांगून आले, ती ये बोलली."

नर्सने बाळाच्या कपाळाला हात लावला. ते तापलं होतं. बाईने काही न विचारता बाळ तिच्या हातात दिलं. आठवड्याने ते बरं होऊन दवाखान्यातून घरी गेलं.

मी नर्सची माफी मागितली, सगळ्या वॉर्डासमोर. ती खरं तेच सांगत होती, आणि तिला लबाड ठरवून मी दुपार वाया घालवली होती. पुढे परमुलखातल्या माणसाचा जबाब घेताना मी एक प्रश्न वाढवला, "तुमच्याकडे याचा अर्थ काय होतो?" त्यामुळे जबाब लांबायचे. मी लांबू दिले.