बारा वर्षांनी वाढलेलं हाड

“वाटणाऱ्याचा हात थरथरला तरी चालतं, नजर हुकलेली चालत नाही.” बुरुलचा म्हातारी आधी हे म्हणायची आणि मगच शिजल्या मेंढीला हात लावायची. आमच्या नारीनच्या खोऱ्यात माणसाचा मान त्याच्या ताटातल्या हाडावरून कळतो. थोरल्यांना खुब्याचं हाड, धाकट्या सुनेला पायाची नळी. गावात लग्न असो की मयत, वाटायला बुरुलचाच. चाळीस वर्षांत तिचा हात कधी चुकला नाही, असं लोक म्हणत. तीही म्हणू द्यायची.

एकदा चुकला होता. नवऱ्याच्या वर्षाच्या जेवणाला थोरली लेक उलकान सासरहून, इसिक-कुलहून आली होती आणि धाकटा कालीबेक ताटं फिरवत होता. त्यानं बहिणीपुढं ताट ठेवलं, त्यात नळी. जिनं या भावाला पाठीवर बांधून वाढवलं, तिला दोनशे माणसांत धाकट्या सुनेचं हाड. आईचा हात चुकत नाही, म्हणजे ताट भावानंच बदललं, असं उलकाननं धरलं. तिनं ती नळी रुमालात बांधली, भावाच्या उंबऱ्यावर ठेवली आणि चालती झाली. त्याला बारा वर्षं लोटली. आईला भेटायला ती यायची, पण भाऊ घोडे घेऊन वरच्या कुरणात गेला की मगच.

नळी ताटात कुणी ठेवली, ते बुरुलचाला ठाऊक होतं. पण एवढ्या वर्षांचा मान एका वाक्यात खाली कसा ठेवायचा, ते तिला जमत नव्हतं. आता ती ब्याऐंशीची झाली होती. आपण गेल्यावरसुद्धा ही दोघं एका दस्तरखानावर जेवायला बसायची नाहीत, हाच तिला घोर होता.

त्या उन्हाळ्यात बिश्केक शहरातून आयझिरेक नावाची मुलगी पाच माणसं आणि एक कॅमेरा घेऊन गावात आली. तिचा सिनेमा भांडलेल्या बहीणभावाचा आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईचा होता. हसवता हसवता डोळे पुसायला लावणारा. आईच्या कामासाठी तिला खरीखुरी म्हातारी हवी होती.

“मी होते आई,” बुरुलचा म्हणाली. “पण पोरं माझीच घ्यायची. परक्या पोरांसाठी मला रडू यायचं नाही.”

“आपा, त्यांना अभिनय येतो का?” आईला आणि आईच्या वयाच्या बाईला मारायची हाक मारत आयझिरेकनं विचारलं.

“भांडायचंच आहे ना? बारा वर्षांचा सराव आहे.”

आईचा शब्द दोघांनाही मोडवेना. दोघंही आली, पण सिनेमाच्या कागदावर लिहिलं असेल तेवढंच बोलू, या अटीवर. पहिल्या दिवशी चहाला बसल्यावर उलकान आयझिरेकला म्हणाली, “त्याला सांग, मीठ इकडं सरकव म्हणावं.”

“तिला सांग, कागदात मीठ नाही,” कालीबेक म्हणाला.

आयझिरेकनं मुकाट्यानं कागदात मीठ लिहून टाकलं.

तिसऱ्या दिवशी कुरणाजवळच्या तंबूत जेवणाचा प्रसंग होता. शहरातल्या पोरांनी मेंढी शिजवली, हाताला येईल ते ताटात घातलं आणि ताट कालीबेकच्या हातात दिलं. त्यानं ते बहिणीपुढं ठेवलं. उलकाननं खाली पाहिलं. नळी.

तिनं कमरेचा रुमाल काढला आणि उठायला गुडघा टेकला. आयझिरेकला वाटलं, काय सुरेख काम करते ही बाई.

“बस खाली,” बुरुलचा म्हणाली.

“आपा, हे कागदात नाही,” आयझिरेक कुजबुजली.

“तुझा कागद चुलीत घाल, पोरी. उलकान, ऐक. तेव्हाची नळी यानं नाही ठेवली, मी ठेवली. तुझ्या बापाच्या आठवणीनं डोळ्यांपुढं धुकं आलं होतं. नजर हुकली. मग गावापुढं ते कबूल करायची लाज वाटली. साऱ्या गावाला मान वाटला मी, अन् पोटच्या लेकीचा गिळून बसले.”

उलकान भावाकडं वळली. बारा वर्षांत पहिल्यांदा, मधे कुणाला न घालता.

“तुला माहीत होतं?”

“ताट आपाच्याच हातून घेतलं होतं मी, एजे.” थोरल्या बहिणीला मारायची ती हाक त्याच्या तोंडून निघाली आणि तो स्वतःच दचकला.

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“बापाच्या वर्षाच्या दिवशी आपाचं नाव पुढं करू?”

“म्हणजे गाढव मी,” उलकान म्हणाली, “आणि हाकललं तुम्ही दोघांनी मिळून.” तिनं ओठ आवळून धरले, पण हसू कोपऱ्यातून निसटलंच. मग कालीबेकलाही आवरेना.

बुरुलचानं ताट जवळ ओढलं. तिचा हात थरथरत होता. तिनं खुब्याचं हाड शोधलं आणि दोन्ही हातांनी लेकीपुढं ठेवलं. उलकाननं त्याचं मांस कापलं आणि पहिला घास भावाच्या तोंडात घातला.

“गीळ. आणि दाढी कर, माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोस.”

“पुन्हा एकदा घेऊ या का?” कॅमेरावाल्यानं विचारलं.

“बारा वर्षांतनं एकदाच जमतं ते,” बुरुलचा म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. दुभत्या घोड्यांच्या धारेची वेळ झाली होती. तिनं बादली उचलली आणि मान ताठ ठेवून उन्हात कुरणाकडं निघाली. मुलगा आणि मुलगी दारात खांद्याला खांदा लावून तिच्याकडं बघत राहिले. आयझिरेक त्यांच्या मागं उभी होती. कॅमेरा बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.