खंडोजीमामांची श्रुती

हसणार असाल तर कॉफीचा पेला आधी खाली ठेवा. मागे हाच किस्सा ऐकताना आमच्या शेजाऱ्यांच्या नाकात कॉफी गेली होती. आणि गाढवपणा सर्वस्वी माझा, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे पुढे दोष कोणाला द्यायचा याचा विचार करत बसायला नको.

तेव्हा मी राजवाड्याच्या चाकरीत व्हायोलिन वाजवत होतो. आमचं घराणं घोडेस्वारांचं. पणजोबा म्हैसूरच्या रिसाल्यात आले ते इथेच राहिले. घरी मराठी, दारात कन्नड, आणि भिंतीवर कुणाची ना कुणाची तलवार. अशा घरात मी गज हातात घेतला! वडिलांनी बरेच दिवस पाहुण्यांना माझा धंदा सांगितलाच नाही.

राजवाड्यात वादकांचे दोन ताफे होते. एक आमचा कर्नाटकी, मांडी घालून वाजवणारा. दुसरा इंग्लिश बँड. लाल डगले, चकचकीत बटणं, क्लॅरिनेट, कॉर्नेट आणि ढोल. त्यांचा बँडमास्तर गोरा साहेब. एक दिवस वरून हुकूम आला की आपल्या कृती, म्हणजे कर्नाटकी रचना, इंग्लिश बँडवरही वाजल्या पाहिजेत. आता त्या बँडसाठी लिहून कोण देणार? साहेबाला आपले राग येत नव्हते, आणि आमच्या लोकांना त्याची ती पाच रेघांची लिपी येत नव्हती. मला दोन्ही थोडं थोडं यायचं. थोडं थोडं येणाऱ्या माणसाइतका धोक्याचा माणूस दुसरा नाही, पण हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मला साहेबाकडे शिकायला धाडलं.

साहेब शिकवायचा चांगलं. कोणतं वाद्य किती वर जातं, कोणतं कोणाला झाकून टाकतं, सगळं समजावायचा. एक गोष्ट मात्र मला पटेना. त्याच्या कागदावर निम्मी जागा रिकामी! कॉर्नेटवाला चार ओळी गप्प, क्लॅरिनेटवाला आठ ओळी गप्प. मी विचारलं, तर म्हणाला, "विश्रांती पण लिहावी लागते."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हा साहेब आळशी आहे. राजवाड्याचं मीठ खाणारा माणूस हातावर हात ठेवून बसेल आणि ते मी लिहून द्यायचं? माझे कागद बघा म्हणावं! काळेभोर! सुई ठेवायला जागा नाही!

आता खंडोजीमामांकडे येतो.

मामा आईचे चुलतभाऊ, आणि त्याच इंग्लिश बँडमध्ये बाँबार्डन वाजवायचे. बाँबार्डन म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचं पितळेचं ते अजस्र वाद्य. त्याच्या तोंडात एखादं वासरू सहज बसेल. मामांची मिशी, छाती आणि आवाज हे सगळं त्या वाद्याला शोभणारं होतं. आणि मामांची मुलगी रुक्कू. आता रुक्कूबद्दल मी काय सांगू? ती आतच आहे, ऐकते आहे. एवढंच सांगतो की तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाशी लग्न करायचं नाही, हे माझं ठरलं होतं. आमच्यात मामाची मुलगी मागायला संकोच नसतो. आईनं शब्द टाकला.

मामा म्हणाले, "अक्का, घोडा नाही, तलवार नाही, सुम्ने, उगाच कुईं कुईं करत बसतो. असल्याला पोरगी कशी देऊ?"

"अरे, आता तो बँडासाठी लिहितोय."

"लिहितो का? मग लिहू दे. ऐकतो, आणि मग पत्रिका बघू."

झालं! माझं अख्खं लग्न एका कृतीवर येऊन ठेपलं. मी मामांना जाऊन भेटलो, वाकून नमस्कार केला, आणि विचारलं, "मामा, तुम्हाला कसा भाग लिहून देऊ?"

मामांचा चेहरा पडला. "मला कसला भाग? सगळे गाणं वाजवतात, मी पों. मग सगळे पुन्हा गाणं वाजवतात, मी पुन्हा पों. उभा जन्म पों करण्यात गेला, व्यंकोबा."

त्या क्षणी मी ठरवलं की मामांना बँडमधला सगळ्यात मानाचा भाग द्यायचा. आणि आपल्या संगीतात सगळ्यात मानाचं काय? श्रुती! तंबोऱ्याचा षड्ज. तो आहे म्हणून बाकीचं गाणं उभं राहतं. साहेबाच्या बँडात श्रुती धरणारं कोणीच नव्हतं, आणि ही उणीव आजवर कोणाला दिसलीच नव्हती, फक्त मला दिसली! मी मामांच्या कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत षड्ज लिहिला. खर्जातला, लांबलचक, एकाला एक जोडलेला.

मामांनी कागद पाहिला. "मध्ये थांबायचं कुठे?"

"मामा, तंबोरा थांबतो का? श्रुती तुटली की गाणं कोसळलं. सगळा बँड तुमच्यावर उभा आहे."

मामांची छाती दोन बोटं वर आली. "बस! हुकूम झाला. नाही तुटणार."

तुम्ही म्हणाल, तालमीत हे कसं उघडकीला आलं नाही? तेच तर नशीब! साहेब तेव्हा हवापालटाला उटकमंडला गेला होता आणि तालीम मी घेत होतो. दर चार-पाच ओळींनंतर कोणीतरी चुकायचंच. आज क्लॅरिनेट, उद्या कॉर्नेट, परवा ढोल. मी "निल्सी, निल्सी!" ओरडून सगळ्यांना थांबवायचो, चुकलेल्याला झापायचो. मामा तेवढ्यात पोटभर श्वास घ्यायचे, मिशी पुसायचे, पुन्हा सज्ज. दिवसभर ताजेतवाने! दुसऱ्यांच्या चुकांवर ते जगत आहेत, हे ना त्यांना कळलं, ना मला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर बँड बसला. समोर राजवाड्यातले मोठे अधिकारी, उटकमंडहून नुकताच परतलेला साहेब, आणि मागच्या बाजूला आमची सगळी नातेवाईक मंडळी. आईच्या शेजारी रुक्कू. मी बँडला इशारे द्यायची काठी उचलली.

आणि काय सांगता! त्या दिवशी कोणीच चुकेना!

क्लॅरिनेट लोण्यासारखी चालली. कॉर्नेट नेमक्या जागी उठली. पल्लवी झाली, अनुपल्लवी झाली, अधिकारी माना डोलवू लागले. खाली मामांचा षड्ज घुमतोय. मधूनच ते चिमणीएवढा श्वास चोरायचे आणि पुन्हा फुंकायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता. म्हटलं, रंगलेत मामा!

कृतीचा शेवटचा भाग, चरण, सुरू झाला. पुन्हा पाहिलं, तर मामांच्या डोळ्यांत पाणी! गालावरून मिशीत, मिशीतून बाँबार्डनवर. ते माझ्याकडे टक लावून बघत होते आणि भुवया वर वर नेत होते. माझं मन भरून आलं हो! ज्या माणसानं मला कुईं कुईं म्हटलं, तो माझ्या रचनेवर रडतोय! आता पत्रिका कशाला बघायच्या? मी मामांकडे बघून, छातीवर हात ठेवून, लवून दाद स्वीकारली.

मामांनी जोरजोरात मान हलवली.

मी समजलो, त्यांना चरण पुन्हा हवाय. मी बोट फिरवून बँडला खूण केली. पुन्हा एकदा! आणि जरा सावकाश!

मामांचा रंग लालावरून जांभळ्यावर गेला. डोळे बाहेर आले. षड्ज आधी थरथरला, मग रेड्यासारखा हंबरला, मग पंचमावर गेला, आणि मग कोणत्याही रागात नसलेल्या कुठल्यातरी स्वरावर जाऊन संपला. मामा बाँबार्डनसकट मागे कलले. मागे मोठा ढोल होता. ढोल सुटला, चौथऱ्याच्या पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि अधिकाऱ्यांच्या पायाशी जाऊन थांबला.

बँड आपोआप बंद पडला. श्रुती तुटली की गाणं कोसळतं, हे मी सांगितलंच होतं.

"अय्यो, माझे आप्पा!" मागून रुक्कू ओरडली. धावाधाव झाली, कोणी पाणी आणलं, कोणी पंखा. मामांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुन्हा मिटले. रुक्कू माझ्या शेजारून गेली, पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी मनातल्या मनात लग्नावर पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्या बँडला तालीमखान्यात बोलावलं. मामाही आले होते, खुर्चीवर बसून, गळ्याला मफलर गुंडाळून. साहेबानं माझा काळाभोर कागद वरून खालपर्यंत वाचला.

"तू कोणतं वाद्य वाजवतोस?"

"व्हायोलिन, साहेब."

"गजाला दम लागतो का?"

साहेबानं बाँबार्डन उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि कागद माझ्यासमोर मांडला. "वाजव. तू लिहिलंस ना? तूच वाजव."

आधी नुसती हवा गेली. मग भांडं घरंगळल्यासारखा काहीतरी आवाज निघाला. लोक तोंडाला रुमाल लावून बसले होते. मी ईर्ष्येला पेटलो. छाती फुगवली, षड्ज धरला. पहिली ओळ निघाली. दुसरीत कानात घंटा वाजू लागल्या. तिसरीत कागद दिसेना, साहेब दिसेना, सगळं हिरवं-पिवळं झालं. पण मामा बघत होते ना! मी सोडलं नाही. फुंकतच राहिलो.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातलं बाँबार्डन खसकन ओढून घेतलं. डोळ्यांपुढचा अंधार सरला तेव्हा खंडोजीमामा समोर उभे होते.

"साकु, व्यंकोबा! पुरे कर!" मामा म्हणाले. "पोरीचं कुंकू लागायच्या आधीच पुसायचं नाहीय मला!"