आहुप्याच्या वाटेवर ब्रेकचा दिवा

"ही शेवटची खेप. सोमवारपासून ड्रायव्हर येईल," असं बजावूनच नवऱ्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. नवी गाडी घेऊन तीन महिने झाले होते आणि मागून दोनदा धडक बसली होती. मागच्यांचं म्हणणं एकच : बाई ब्रेकचा दिवा न दाखवता थांबतात. वर्कशॉपमधल्या साहेबांनी पेडलवर पाय आदळला, दिवा लख्ख लागला. "गाडी ओके आहे. मॅडमना सवय होईल हळूहळू." इंजिनियर नवऱ्याने यावर मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोबत सासूबाई होत्या. माहेर त्याच भागातल्या बोरी बुद्रुकचं, पण आहुप्याची देवराई (देवाच्या नावाने राखलेलं रान) त्यांनी कधी पाहिली नव्हती. मंचरला गतिरोधकापाशी मी वेग कमी केला, तसा मागचा कांद्याचा टेम्पो किंचाळत जेमतेम थांबला.

"ओ ताई, दिवा न दाखवता थांबता व्हय? घरी बसा की!"

मी खाली उतरून त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. सासूबाई काचेतून म्हणाल्या, "चल गं, लोक बघतायत." बघू देत! तीन महिने सगळे मलाच बघत होते, गाडीकडे कोणी बघत नव्हतं.

घोडेगावात चिंचेखाली एक गॅरेज दिसलं. दगडूभाऊ मेस्त्री एका ट्रॅक्टरखालून बाहेर आले. मी तावातावाने सगळं सांगितलं आणि बाजूला झाले, म्हटलं आता हेही पाय आदळणार.

"मी कशाला दाबू? पाय तुमचा, तुमीच दाबा. रोज दाबता तसाच."

ते गाडीमागे उकिडवे बसले. मी हलकेच दाबलं. "न्हाई लागला." आणखी थोडं. "न्हाई." शेवटी जोर लावला. "आत्ता लागला! गाडीतच खोट हाय, ताई. साहेबलोक जोरात दाबत्यात, त्यास्नी कशी दिसंल?"

इतकी साधी गोष्ट, आणि इतक्या शहाण्यांत एकालाही सुचू नये! मला रडूच आलं.

दगडूभाऊ बॅटरी घेऊन स्टिअरिंगखाली उताणे शिरले. "हितं कवडी कुनी बांधलीय?"

पेडलच्या वरच्या टोकाशी एक सेन्सर असतो, बटणासारखा. पेडल त्याच्यापासून सुटलं की मागचा दिवा लागतो. पेडलच्या दांड्याला काळ्या दोऱ्यात बांधलेली कवडी वर सरकून नेमकी त्या दोघांमध्ये अडकली होती. त्यामुळे पेडल खोल दाबल्याशिवाय बटण सुटतच नव्हतं.

"अगं बाई!" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "ओझरला गाडीची पूजा केली ना, तेव्हा माझ्या लेकानंच बांधली. तिथला दुकानदार म्हणाला, बाईमाणूस चालवणार असेल तर ब्रेकलाच बांधा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू चिडशील म्हणाला."

दगडूभाऊंनी दोरा कापला नाही, गाठ सोडवली. कवडी कपाळाला लावून माझ्या हाती दिली. "टाकू नका. दिष्टीची वस्तू हाय. जागा तेवढी चुकली." मग पुन्हा मागे जाऊन बसले. मी पाय नुसता टेकवला आणि ते ओरडले, "लागला!"

डिंभे धरणाच्या पाण्याकडेने आम्ही आहुप्याला पोचलो. अंगणाअंगणांत हिरडे वाळत होते. देवराईत भर दुपारी गारवा होता. एका घरी नाचणीची भाकरी आणि ठेचा मिळाला. वाढणाऱ्या आजींनी विचारलं, "गाडी तुमीच आनली? हा घाट चढून? लई धीराच्या, बाई!" तीन महिन्यांतलं माझ्या ड्रायव्हिंगचं हे पहिलं कौतुक. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

घरी परतलो तेव्हा नवरा दारातच उभा होता. किल्लीसाठी त्याने हात पुढे केला. मी त्या तळहातावर कवडी ठेवली. त्याचा चेहरा पडला.

"काळजीपोटीच बांधली होती गं..."

काळजी! देवराईपेक्षा मला त्या सहलीतला चिंचेखालचा तो थांबाच जास्त आठवतो. काळजी तर घरात सगळ्यांनाच होती, पण माझा पाय पेडलवर ठेवायला लावून मागे जाऊन बघणारा माणूस घोडेगावात भेटला.

"काळजी होती, तर गाडीमागे बसून एकदा मला ब्रेक दाबायला सांगायचं होतं," मी म्हटलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "आणि त्या ड्रायव्हरला कळव, सोमवारी येऊ नको म्हणून."