पाटावरचा लॅपटॉप

माझ्या जावेच्या नातीइतकं लॅपटॉपला जपणारं माणूस सबंध किनारपट्टीवर दुसरं नाही, आणि देवाने दुसरं घडवूही नये, कारण एवढं जपणं मालवणला एकदाच सोसेल. ती कोल्हापूरला ग्राफिक डिझाइन शिकायची. म्हणजे नेमकं काय शिकते, हे मी तिला दर सुट्टीत विचारायचे आणि ती दर सुट्टीत न कंटाळता सांगायची, "धाकटे आजी, बिस्किटाच्या पुड्यार जां कायता दिसता मां, तां कोणीतरी बसान काढलेला असता. तां मी शिकतंय." तो पुडा आपण फाडून चुलीत घालतो, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिचा बाप, म्हणजे माझा पुतण्या, पर्यटकांना होडीतून समुद्रात फिरवतो. त्या होडीला नवीन इंजिन घ्यायचं ठरलं होतं. त्याऐवजी घरात लॅपटॉप आला. पापलेटासारखा चपटा, रुपेरी, आणि म्हणे कितीही मोठं चित्र उघडलं तरी दम न लागणारा. होडीचं जुनं इंजिन मात्र अजून दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकत असतं. बाप त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पण धक्क्यावरून तो खोकला ऐकू आला की ही हातातलं काम सोडून लॅपटॉप पुसायला घेते.

कोल्हापूरहून येताना फोंडाघाटाची वळणं लागली की हिला हटकून मळमळायचं. इतर माणसं अशा वेळी पिशवी शोधतात. ही लॅपटॉपला मांडी शोधायची. एकदा तिने तो शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवला, "दोन्ही हातांनी धरा हां, मावशी" असं बजावलं आणि स्वतः खिडकीबाहेर डोकं काढलं. ती बिचारी फोंड्यालाच उतरायची होती. पण धरायला दिलेलं असं कसं टाकून जायचं, म्हणून ती तशीच बसून राहिली आणि कणकवलीला जाऊन म्हणाली, "बाय माझे, तुझा पोर आता तू धर, माका परत जावचा आसा."

घरी आली की पहिलं भांडण खाऱ्या वाऱ्याशी. पश्चिमेच्या खिडक्या बंद. लॅपटॉपला निजायला पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या, ज्या औषधाच्या बाटलीत आणि नव्या चपलांच्या खोक्यात सापडतात. त्या पुड्या गोळा करण्याचं व्रत तिने अख्ख्या वाडीला लावलंय. कोणी नवीन चप्पल घेतली की चप्पल त्याची, पुडी हिची. दुसरं भांडण आजीशी, म्हणजे माझ्या जावेशी. जाऊबाई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बांगडे सुकत घालतात. हिचं म्हणणं, मिठाचा वारा थेट ट्रंकेवर येतो, बांगडे परसात न्या. जाऊबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्या काय ऐकतात? "बांगडे हंयच सुकतले," त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या पेटयेक त्रास होता तर तिच्या नाकार रुमाल बांध." हिने खरंच ट्रंकेच्या फटीवर रुमाल बांधला.

मी हसते खरी, पण मला हसायचा अधिकार नाही. माझ्या लग्नात मला मनगटी घड्याळ मिळालं होतं, किल्लीचं. किल्ली दिल्याने ते झिजेल म्हणून मी किल्लीच देत नसे. कोणी वेळ विचारली की आधी ऐटीत घड्याळाकडे बघायचं, मग हळूच अंगणातल्या सावलीकडे, आणि अंदाजाने सांगायचं. विहिरीवर जाताना त्याला पाणी लागू नये म्हणून डावा हात खांद्याच्या वर धरून चालत असे. आठ दिवस बघून जाऊबाईंनी सासूबाईंना सांगितलं, "नवीन सुनेचो हात लग्नाआधीच मोडलेलो दिसता. आमका फसवल्यांनी." वैद्याला बोलावणं गेलं तेव्हा कुठे मी हात खाली घेतला.

तर ही मुलगी. लॅपटॉपला हात लावण्याआधी ती माणसाची बोटं तपासते. आमच्याकडे दुपारी मासळी, रात्री मासळी. त्यामुळे स्वच्छ बोटांचा मुहूर्त फक्त सकाळी चहाआधी निघतो. अशा एका मुहूर्तावर तिने माझा फोटो आत घेऊन दाखवला. मी म्हटलं, केस जरा काळे कर. तिने केले. म्हटलं, ही हनुवटीखालची पिशवी कशाला हवी? तीही गेली. मग मी इतकी सुंदर दिसू लागले की आमच्या ह्यांनी चष्मा लावून विचारलं, "ही खंयची पावणी?" तिने छापून दिलेला तो फोटो मी अजून उशीखाली ठेवते, आणि ते ह्यांना अजून माहीत नाही.

तिचं तिसरं भांडण रंगाशी. पडद्यावर रंग इतके खरे दिसतात, की जगातले तिला खोटे वाटू लागलेत. एकदा सोलकढीचा गुलाबी जुळवायला बसली. वाटी पडद्याशेजारी, अर्थात हातभर अंतर राखून. जुळेना. मग जाऊबाईंना म्हणाली, "आजी, तुझ्या कढयेचो रंग चुकलो. वायच नारळाचो रस वाढव." साठ वर्षं सोलकढी करणाऱ्या बाईला हे सांगायची छाती हिचीच. पण जाऊबाईंनी मुकाट्याने आणखी एक नारळ फोडला. शिव्या घालत फोडला, पण फोडला.

गेल्या वर्षी ती अशाच ओढीने एका कामाला लागली होती. पुण्यातल्या एका मोठ्या डिझाइनवाल्यांकडे शिकाऊ म्हणून जागा निघाली होती. पोरं शेकड्याने, घ्यायचं एकाला. त्यांनी प्रत्येकाला एकच चित्र मागितलं होतं, 'माझं गाव'. हिने समुद्र केला. ना किल्ला, ना माड, ना मासळी. खाली पाणी, वर आभाळ, मधे एक रेघ. महिनाभर ती त्या पाण्याचा रंग बदलत होती. मी रोज बघायचे आणि मनात म्हणायचे, गो बाय, ह्यात काढलंस काय? चित्र पुण्याला गेलं, आणि लगेच खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली झाडून सगळी हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, भाजी-मासळी चिरायचा आडाळा, बापाच्या होडीची अवजारं, सगळी धुऊन-पुसून पाटावर मांडायची, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलायची नाहीत. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतो. हिने आपला लॅपटॉप आणून वेगळ्या पाटावर मांडला, तोही उघडा. म्हणाली, "हत्यार म्यानात ठेवून कोण पुजता?" फूल वाहिलं, आणि जी मुलगी ओलं बोट जवळ येऊ देत नाही, तिने स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे, अगदी कडेला टेकवून, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवला. मी नुसती भुवई वर केली. "तो देवाक, मशीनीक नाय," ती म्हणाली. मुंग्यांना हा फरक कोणी सांगितला नव्हता.

दुपारी जेवणं होत होती तेव्हा पुण्याहून फोन आला. चित्राची फाईल उघडत नाही, पाचच्या आत पुन्हा पाठवा, नाहीतर तुमचं नाव गळेल. चित्र होतं फक्त त्या लॅपटॉपमध्ये. दुसरीकडे उतरवून ठेवलं तर रंगाला धक्का लागेल म्हणून हिने कुठेही ठेवलेलं नव्हतं. ती पाटासमोर जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

"उचलूचा नाय," जाऊबाई म्हणाल्या.

"आजी, माझी जागा जातली."

"तुझ्या बापाशीची होडी आज बांधलेली आसा. धक्क्यार पावण्यांची रांग आसा. तो गेलो? तुझा हत्यार काय आकाशातसून पडला?"

बाप पडवीत खांबाला टेकून उभा होता, मान खाली. शेवटी मीच ह्यांना म्हटलं, "अहो, देवाची परवानगी काढूची झाली तर वाट आसा मां? गाऱ्हाणां घाला."

गाऱ्हाणं घालायला सांगितलं की आमचे हे दहा वर्षांनी लहान होतात. खांद्यावर टॉवेल टाकून, हात जोडून त्यांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!" आम्ही मागून, "व्हय म्हाराजा!" "आज ह्या चेडवान आपला हत्यार तुझ्या पायाकडे ठेवल्यान, तां घडीभर तिका परत दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तिचा चित्र वाटेत खंय अडाकला असात, तर ती वाट मोकळी कर, आणि पाच वाजासर ती मोबायलाची रेंज आमच्या खळ्यातसून हलव नको रे म्हाराजा!" या ठिकाणी सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" जाऊबाईंनी म्हटलं, हे मी कानांनी ऐकलं.

तिने लॅपटॉप उचलला तो मुंग्यांच्या रांगेसकट. फुंकरून फुंकरून पळवल्या. समुद्र उघडला. त्या रिकाम्या समुद्रावर, जिथे पाणी आणि आभाळ मिळतात त्याच रेघेवर, एक काळा ठिपका चालत होता. मुंगी काचेच्या आत गेली होती. "थांब, मी काढतंय," म्हणत ह्यांनी कुंकवाचा अंगठा काचेवर दाबला. ठिपका चालायचा थांबला तो कायमचा. पोरीचं तोंड पांढरं पडलं. इतकी वर्षं खाऱ्या वाऱ्यापासून, बांगड्यांपासून, माझ्या बोटांपासून राखलेली काच ती.

जाऊबाई पुढे झाल्या, वाकून बघितलं. "आता कसा बरा दिसता," त्या म्हणाल्या. "आधी नुसता पाणीच होता. आता होडी इली. तुझ्या बापाशीची होडी."

पोर बघतच राहिली. बाप पडवीतून आत आला, त्यानेही बघितलं. मग तिने चित्र पाठवलं. पाचाला अजून वेळ होता.

जागा तिला मिळाली. ती पुण्याला गेली, ट्रंक रिकामी झाली, बांगडे निर्वेध सुकू लागले. दोन महिन्यांनी तिने तेच चित्र चांगल्या कागदावर छापून पाठवलं. बापाने ते ओटीवर लावलं. जाऊबाई समोर उभ्या राहिल्या, मग जवळ गेल्या, मग पदराने कागद पुसून बघितला. समुद्र रिकामा होता. फोनवर पोरीने समजावलं, की मुंगी काचेत होती, चित्रात नव्हतीच. ती छापून कशी येणार? मी विचारलं, मग काच बदललीस ना? ती म्हणाली, "दुकानवालो देतंय म्हणालो बदलून. मीच नको म्हटलां, धाकटे आजी. काम उघडलां की आधी होडी दिसता."

जाऊबाईंना हे काचेचं प्रकरण पटलेलं नाही, किंवा पटूनही त्या विसरतात. संध्याकाळी पुतण्या समुद्रावरून यायच्या वेळी आम्ही दोघी ओटीवर बसतो, तेव्हा त्या चित्राकडे बघून विचारतात, "होडी खंय गेली गो?"

"पुण्याक," मी म्हणते.

"येतली मां?"

"दिवाळीक येतली," मी म्हणते, आणि आम्ही दोघी दिवा लावायचा सोडून तशाच बसून राहतो.